दोन वळणांची वाट

शेजारचा इनास सकाळी सात वाजता खाडीच्या बाजूने आला. त्याचे पाय मांड्यांपर्यंत चिखलाने काळे झाले होते. मी ओट्यावर उभा होतो. आदल्या दुपारपासून मी बसलोच नव्हतो. बसलो तर ती येणार नाही, असं काहीतरी डोक्यात घेतलं होतं.

"जनू, चल," तो म्हणाला.

कुठे, असं मी विचारलं.

"कांदळात. गावली वयनी."

जिवंत आहे का, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. इनास फक्त रविवारी इगर्जीत, चर्चमध्ये, गेल्यावर टोपी काढतो.

आत चुलीपाशी शेजारची आवडाकाकी बसली होती, पाठमोरी. तिचे कपडे भिजले म्हणून मी तिला माझ्या बायकोचं, मथुरेचं, निळं पातळ नेसायला दिलं होतं. निघताना माझी नजर आत गेली आणि एक क्षण मला वाटलं, मथुरा चहा ठेवतेय. काकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"कोण इला? मथुरा काय?"

मी इनासच्या मागून चालू लागलो.

खाडीच्या कडेला आमच्याकडे कांदळाची झाडं आहेत, चिखलात मुळं रोवून उभी असलेली. ओहोटी होती. त्या मुळांमध्ये सगळं अडकून पडलं होतं. जाळ्यांचे तुकडे, कौलं, एक प्लॅस्टिकची खुर्ची, काकीच्या घराचं अख्खं दार. आणि थोडं पुढे मथुरा. तिच्या पातळाचा पदर मुळांभोवती दोन-तीन वेढे घेऊन बसला होता. तो सोडवायला आम्हाला वेळ लागला. मी कापू म्हणालो, तर इनास नको म्हणाला. त्याने चिखलात गुडघे टेकले आणि एकेक वेढा हातांनी सोडवला.

"कांदळ नसता तर खाडीच्या तोंडातना थेट दर्यात गेली असती," तो म्हणाला. "ह्या झाडांनी धरून ठेवल्यानी तिका."

तो मला धीर द्यायला बोलत होता. मला मात्र ते ऐकवेना. काकीच्या घराच्या त्याच दारावर ठेवून आम्ही तिला घरी आणलं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आमचं तळदांडा म्हणजे वाळूचा एक लांब पट्टा आहे. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये चाळीस घरं आणि एक रस्ता. दर्याच्या काठावर कोणी मोठ्याने हाक मारली तर खाडीवर ऐकू येते, एवढीच रुंदी. जमिनीचं असं आमच्याकडे काही नाही. विहीर खणली तरी वाळू, पाया खणला तरी वाळू.

दर्या आणि घरं यांच्यामध्ये झाडांचा पट्टा आहे. त्याला आम्ही आड म्हणतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आधी मर्यादवेल, मग केवडा, मग उंडी, आणि सरकारने लावलेले सुरू. प्रत्येक घराची आडातून दर्यावर जायची आपली वाट असते. ती वाट सरळ नसते. तिला दोन वळणं असतात, एक उंडीपाशी आणि एक घराजवळ केवड्यात. डोक्यावर माशांची टोपली घेऊन येताना बायकांना त्या वळणांवर केवड्याचे काटे ओरबाडतात, तरी वाट कोणी सरळ करत नाही. तसा आमच्याकडचा नियमच आहे. लिहिलेला कुठे नाही.

मथुरा लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, पन्नास पावलांवर दर्या, मग दीडशे पावलं कशाला चालायची. मी म्हटलं, काकीला विचार. आवडाकाकी तेव्हा पन्नाशीची होती, आडाची राखण तीच करायची. कोणी फांदी तोडली तरी काठी घेऊन धावायची. तिने मथुरेला आमच्या दारात नेऊन उभं केलं.

"काय दिसता?"

"झाडां."

"दर्या दिसता?"

"नाय."

"मगे दर्याकय तुझा दार दिसणा नाय. दर्याक दार दिसूक नको. एवढाच ध्यानात धर."

मथुरेचं माहेर आत, घाटाच्या पायथ्याशी. तिला दर्याची भीती होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. म्हणून असेल, पण हा नियम तिने आमच्यापेक्षा जास्त पाळला. वाटेवर केवडा विरळ झाला की ती दुसरीकडचा फुटवा आणून लावायची. आमच्या आईने नाही केलं, ते तिने केलं. काकीचा तिच्यावर फार जीव होता. मला काकी येता-जाता शिव्या द्यायची, मथुरेला एका शब्दाने बोलायची नाही.

पाठीच्या दुखण्याने माझं होडीवर जाणं बंद झालं, तेव्हा आम्ही घराला लागून दोन खोल्या काढल्या, वरती पत्रे घालून. पाहुण्यांना राहायला आणि जेवायला. जेवण मथुरेच्या हातचं, त्यामुळे लोक यायचे. पण सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं. पुण्याहून आलेला एक माणूस खुर्चीत बसून म्हणाला, "काका, फाट्यावर पाटी लावलीय समुद्रालगत म्हणून. आम्ही कालपासून बसलोय, आम्हाला नुसता त्याचा आवाज येतोय. रेडिओ लावला असता तरी चाललं असतं."

त्याची बायको हसली. मी पण हसलो. रात्री मात्र ते डोक्यात राहिलं.

त्या वर्षी माघात आमच्या मुलीचं बाळंतपण होतं. मथुरा तीन आठवडे मुंबईला गेली. ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी कोयता आणि कुदळ घेऊन आडात शिरलो. आधी म्हटलं, घराजवळचं वळण थोडं मोकळं करू. केवडा तोडायला फार जड जातो. पण एकदा हात लागला की थांबवत नाही. पलीकडून थोडा उजेड दिसला, मग थोडी वाळू दिसली, मग वाटलं आता एवढं केलंच आहे तर. आठ दिवसांत मी दोन्ही वळणं काढली. उंडीची दोन झाडं तोडली. ती माझ्या आज्याच्या हातची होती.

तिसऱ्या दिवशी काकी तिच्या घराच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. आमची वाट आमच्या आणि तिच्या घराच्या मधोमध उघडते. तिला दिसत नव्हतं, पण आवाज येत होता.

"कोण तोडता रे थंय?"

"मी, जनू."

"कित्याक?"

मी तोडलेली पात बाजूला फेकली. मग काहीतरी कारण सांगितलं. मला वाटलं होतं ती काठी उगारेल. पण ती नुसती उभी राहिली आणि काठी टेकत परत घरात गेली.

मथुरा एसटीने संध्याकाळी आली. रस्ता खाडीच्या बाजूला, त्यामुळे ती मागच्या दाराने आत आली. पिशव्या ठेवल्या, नातवाचं नाक माझ्यावर गेलंय म्हणाली, आणि पुढचं दार उघडलं. सूर्य पाण्याला टेकला होता. ओट्यावरून सगळा दर्या दिसत होता, लाट फुटतानाचा फेससुद्धा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला आवडेल असं मला थोडं वाटलं होतं, हे खरं आहे.

तिने दार लावून घेतलं. कडी घातली. मग दाराला पाठ लावून खाली बसली.

"ह्या काय केलास तुमी?"

मी पाहुण्यांचं सांगितलं. चाळीस घरांचा आड आहे, त्यात एका वाटेने काय होतं, असंही म्हणालो.

"पाण्याक एकच वाट लागता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मुंबईचा खाऊ घेऊन काकीकडे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने हातपाय धुतले, भात टाकला. जेवायला वाढताना म्हणाली, "काकीक तुमीच सांगा. मी सांगूचंय नाय."

मी हो म्हणालो. शिमगा होऊ दे, मग सांगतो, असं म्हणालो.

त्या दिवसापासून ती त्या ओट्यावर बसली नाही. मासे निवडायला, तांदूळ पाखडायला ती मागच्या दारी बसायची. ओट्याच्या दाराला तिने केवड्याच्या पातीची चटई टांगली. पाहुणे असले की मी ती काढायचो, ते गेले की ती परत टांगायची. भरतीच्या वेळा तिला पाठ झाल्या. अमावास्या-पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला उधाण येतं, तेव्हा ती हातातलं काम सोडून उभी राहायची, कान देऊन. मी थट्टा करायचो. म्हणायचो, दर्या काय तुझ्याकडे जेवायला येणार आहे काय. ती हसायची नाही.

आणि रोज सकाळी ती कुदळ घेऊन वाटेवर जायची. केवड्याचे फुटवे आणून तिने दोन्ही वळणांच्या जागी लावले. विहिरीचं पाणी खांद्यावरून नेऊन घालायची. मी अडवलं नाही आणि मदतही केली नाही. तिला म्हटलं, केवडा दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात. ती म्हणाली, होय, म्हणूनच आज लावतेय.

वैशाखापर्यंत ते फुटवे गुडघ्याएवढे झाले होते.

वादळाची बातमी दोन दिवस आधी आली. कोतवाल गाडीवर भोंगा लावून फिरला, सगळ्यांनी पुलापलीकडच्या शाळेत जायचं. अमावास्येला दुपारी ते लागणार होतं, म्हणजे नेमकं उधाणाच्या वेळी. लोक आदल्या दिवशीच निघाले. इनास त्याची माणसं पोचवायला गेला. आवडाकाकी मात्र हलेना. चाळीसेक वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं, तेव्हाही ती घरात होती आणि पाणी तिच्या अंगणात घोट्याएवढं आलं होतं, एवढंच ती सांगत होती. आडाने तेव्हा राखलं, आताही राखेल. शाळेच्या लादीवर निजून मरायचं नाही, असं म्हणाली.

काकी जाईना म्हणून मथुरा जाईना. मथुरा जाईना म्हणून मी राहिलो.

आदल्या संध्याकाळी मथुरा मला म्हणाली, वाटेच्या तोंडावर वाळूची पोती रचूया. मी हो म्हणालो, पण आधी खोल्यांचे पत्रे दोरांनी बांधायला घेतले. नवीन पत्रे होते. ते बांधेपर्यंत अंधार पडला. तोपर्यंत तिने एकटीने नऊ पोती भरून ओढत नेली होती. मग मी माझी जुनी होडी ओढून वाटेत आडवी घातली. तिला म्हटलं, झालं, आता काय येत नाही. तिने होडीला हात लावून बघितला.

"काकीक सांगितलास?"

"सांगतंय गो. ह्या वादळ जावंदे."

सकाळी नऊलाच दिवे लावावे लागले. वारा तोवर नुसता वाहत होता, दहानंतर तो ओरडू लागला. वाळू भिंतींवर आपटत होती, पत्र्यावर मूठमूठ तांदूळ फेकावे तशी. सुरूची झाडं जमिनीला टेकून परत उठत होती. मध्येच एखादं उठायचं नाही. आम्ही दार लावून खिडकीच्या फटीतून बघत होतो. मथुरेने माझं मनगट धरलं होतं आणि तिला ते कळत नव्हतं. तिची नखं रुतली होती.

साडेअकराला पाणी पुळणीवरून वर चढलं. मी पन्नास वर्षं दर्या बघितला आहे, पण तसा बघितला नव्हता. एकेक लाट आडावर आपटत होती, झाडांच्या वर फेस उडत होता. आणि मग ती लाट आडात जायची आणि हरवायची. आमच्या डाव्या हाताला इनासच्या घरासमोर बघितलं. झाडांच्या मुळांतून पाणी बाहेर आलं ते सांडल्यासारखं आलं. पसरलं, फेस वाळूत मुरला, पाणी परत गेलं. उजवीकडे, काकीच्या घराच्या पलीकडेही तसंच. घोट्याएवढं. काकी बरोबर बोलली होती.

आमच्या वाटेतून मात्र पाणी उभं आलं.

मी ते कसं सांगू. भिंतीएवढं नव्हतं, कमरेएवढं असेल. पण ते थांबत नव्हतं. त्याला अडवायला काही नव्हतं. ते वाटेने धावत आलं, मथुरेचे फुटवे आणि पोती घेऊन आलं, आणि माझी होडी उचलून घेऊन आलं. होडी आमच्या ओट्याच्या बाजूने घसरत गेली आणि काकीच्या मातीच्या भिंतीवर आपटली. वाऱ्यातही तो आवाज ऐकू आला. भिंत आत गेली. तिच्यामागून अर्धं छप्पर बसलं.

आमचं घर चिऱ्याचं. ते हललं नाही.

मथुरेने माझं मनगट सोडलं. मी म्हणालो, थांब, मी जातो. पण मी म्हणेपर्यंत तिने मागचं दार उघडलं होतं. ती लाट मागे जाण्याची वाट बघून पळाली. मी दोर घेतला, एक टोक ओट्याच्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला. गाठ दोनदा सुटली. बाहेर आलो तेव्हा ती काकीला त्या पडक्या भिंतीतून ओढून काढत होती. काकीच्या कपाळातून रक्त येत होतं. दोघी मधल्या अंगणात आल्या. मी दोराच्या टोकापर्यंत गेलो. आमच्यात सात-आठ हातांचं अंतर राहिलं.

काकीला पाऊल उचलत नव्हतं. मथुरा तिला पुढे ढकलत होती, जशी एखादी बाई पोराला शाळेत ढकलते तशी. मी हात लांब केला. मला वाटेतून दर्या दिसत होता, सरळ, आणि त्यात दुसरी लाट फुटताना दिसत होती. मी तिला ओरडून सांगितलं. तिने मागे बघितलं नाही. तिने काकीचा हात घेतला आणि माझ्या हातात दिला.

"हिका धरा," ती म्हणाली.

मी धरलं. मग पाणी आलं.

मी काकीला छातीशी घेतलं आणि दोराने आम्हाला दोघांना धरलं. पाणी डोक्यावरून गेलं. ते ओसरलं तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. पाणी काकीच्या पडक्या घरातून आरपार गेलं होतं, रस्ता ओलांडून खाडीकडे.

काकीला आत आणून माळ्याच्या शिडीवर बसवलं आणि मी परत बाहेर गेलो. तीनदा गेलो. दोराच्या पलीकडे जाता येत नव्हतं. मी तिच्या नावाने ओरडत होतो आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. दोन वाजता पाणी उतरायला लागलं. मग अंधार पडेपर्यंत शोधलं, इनास आला, आणखी माणसं आली. सकाळचं मी वर सांगितलं आहे.

चाळीस घरांत पडलेलं घर एकच होतं. गेलेलं माणूस एकच होतं. वारा सगळ्यांना सारखाच लागला, कौलं सगळ्यांची उडाली, पण पाण्याने घर नेलं ते फक्त आमच्या वाटेसमोरचं.

मथुरेला पोचवून आलो त्या संध्याकाळी माणसं ओट्यावर बसली होती. पुढे वाट सरळ दिसत होती, धुऊन निघालेली, आणि तिच्या टोकाला दर्या. तो आता गुपचूप पडला होता. एकाने वाटेकडे बघितलं, मग सगळ्यांनी बघितलं. ही कोणी उघडली, असं कोणी विचारलं नाही. पण ते विचारण्याची तयारी चालली होती, हे मला कळत होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी बोलणार होतो.

तेवढ्यात आतून काकी आली, भिंत धरत. कपाळाला पट्टी, अंगावर मथुरेचं निळं पातळ. ती दारात उभी राहिली. तिने कोणाकडे बघितलं नाही, तिला दिसतच नव्हतं.

"सगळे आसात मां? मगे आयका," ती म्हणाली. "वाट मथुरान उघडूक सांगितल्यान, ह्या माका म्हायत आसा. जनून माका तेव्हाच सांगितल्यान होता. मी तिका बोललंय, खूप बोललंय, आणि ती खाली मान घालून आयकत रवली. पण माका भायर तिनाच काढल्यान. माझी तक्रार नाय. मी तिका माफ केलंय. आता त्या वाटेवरसून कोणी तिचा नाव काढूचा नाय."

माणसांनी माना हलवल्या. इनासने डोळे पुसले.

मी काकीला त्या दिवशी, कोयता हातात असताना, काय सांगितलं होतं ते आता सांगतो. मी म्हणालो होतो, "मथुरान सांगितल्यान म्हणान तोडतंय. टोपली घेवन येताना तिका काटे लागतत." काकी मथुरेला बोलणार नाही, एवढाच विचार मी केला होता. ती मुंबईला होती. चार दिवसांत काकी विसरून जाईल सगळं, असं वाटलं होतं.

मथुरा खाऊ घेऊन गेली तेव्हा काकी तिला बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. काय बोलली ते मथुरेने मला बऱ्याच दिवसांनी, वादळाच्या थोडं आधी, एकदाच सांगितलं. काकी म्हणाली होती की, तुला दारात उभं करून शिकवलेलं सगळं वाया गेलं. मथुरेने तिला खरं सांगितलं नाही. मला सांगायला सांगितलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर मी तोंड उघडलं नाही. नंतर बाराव्याला नाही. मुलगी आली, तिने विचारलं, बाबा, आईने असं कसं केलं. मी म्हटलं, जाऊ दे.

काकीला मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. तिचं दुसरं कोणी नाही. पाहुण्यांचं काम मी बंद केलं आणि वाटेकडची खोली तिला दिली. गावात लोक मला चांगलं म्हणतात. दरवर्षी वैशाखातल्या अमावास्येला काकी मला हाक मारते आणि म्हणते, जनू, आजचा दिवस आसा, मी मथुरेक माफ केलंय, तू मनात काय ठेव नको. मी बरं म्हणतो आणि तिला पेज देतो.

आता वादळं पूर्वीपेक्षा जास्त येतात. मोबाइल वाजला आणि त्यावर वादळाचा इशारा असला की मी हातातलं काम टाकून उठतो. मी आधी काकीला पुलापलीकडे नेतो, मग बाकीचं. अमावास्येला दुपारी बारा वाजता मी कुठेही असलो तरी उभा राहतो आणि कान देतो. मथुरा राहायची तसा.

वाटेचं पहिलं वळण, दर्याकडचं, मी परत केलं. उंडीची चार झाडं लावली, ती आता माझ्यापेक्षा उंच झाली आहेत. केवडा दाट झाला आहे. दर्या तिथपर्यंत आला तर अडेल. पण एका वळणाने काम होत नाही. मोठ्या उधाणाला पाणी उंडीला वळसा घालून आत येतं, गेल्या वर्षी ते काकीच्या खोलीच्या पायरीपर्यंत आलं होतं.

दुसरं वळण काकीच्या खिडकीपासून दहा पावलांवर आहे. काकी आता एकोणनव्वदची आहे, दिसत काही नाही, पण कान शाबूत आहेत. तिथे कुदळ मारली की तिला ऐकू जाणार. ती विचारणार, कोण रे थंय. मी म्हणणार, मी, जनू. ती विचारणार, काय करतंस, कित्याक.

फुटवे मी तीन वेळा आणले. तीन वेळा ते विहिरीपाशी सुकले. दुसरं वळण अजून लावलेलं नाही, आणि काकीला अजून सांगितलेलं नाही.